ग्रँड एक्सचेंज फ्लिपिंग नोंद : दोन टक्के करानंतरचं गणित

फ्लिपिंग म्हणजे स्वस्तात घेऊन महागात विकणं. ओल्ड स्कूल रुनस्केप या ऑनलाइन गेममधल्या ग्रँड एक्सचेंज या बाजारात विकणाऱ्याला डिसेंबर २०२१ पासून एक टक्का कर बसायचा, मे २०२५ मध्ये तो दोन टक्के झाला. बारीक मार्जिनच्या (खरेदी-विक्रीच्या भावातल्या फरकाच्या) बऱ्याच वस्तू तिथेच यादीतून गेल्या. म्हणून आमच्या क्लॅनच्या (खेळाडूंच्या गटाच्या) शीटमध्ये आता एक नवा कॉलम आहे : करानंतर हातात किती.

मार्जिन तपासायची रीत जुनीच. एक नग मुद्दाम चढ्या भावाने घ्यायचा आणि लगेच एक नग भाव पाडून विकायचा. सौदा आधी लागलेल्या ऑफरच्या भावाने होतो, त्यामुळे पहिल्या सौद्यात सगळ्यात स्वस्त विक्रेता कळतो, दुसऱ्यात सगळ्यात जास्त देणारा ग्राहक. समजा आकडे आले १०,४०० आणि १०,००० नाणी. खरेदी १०,०१० ला लावली, विक्री १०,३९० ला. फरक ३८०, कर २०७, उरले १७३. एक टक्क्याच्या काळात २७७ उरले असते. या खरेदीला बरोबरीचा भाव १०,२१४. त्याखाली विकलं की तोटा.

खरी गंमत स्वस्त मालात आहे. कर प्रत्येक नगावर वेगळा लागतो आणि अपूर्णांक सोडून दिला जातो. त्यामुळे ५० च्या खाली कर शून्य. १०० ला विका किंवा ९९ ला, हातात ९८ च पडतात. मग ९९ च लावा, माल आधी उठतो. १४९-१५० आणि १९९-२०० ला हेच. हजारोंनी विकल्या जाणाऱ्या मालात ही पायरी पाहिल्याशिवाय भाव लावू नये. दुसऱ्या टोकाला एका नगावर कर ५० लाखांवर थांबतो, म्हणजे २५ कोटींच्या वर तो वाढत नाही.

चार तासांत किती नग घेता येतात याला मर्यादा आहे, ती वस्तूगणिक वेगळी. ॲबिसल व्हिप या शस्त्राला ७०. घड्याळ पहिला नग हाती आल्यापासून चालू होतं. ऑफर रद्द केली तरी तोवर आलेले नग मोजले जातात. पैसे भरणाऱ्या सदस्यांना एका वेळी ऑफर लावायला आठ स्लॉट (जागा), विनामूल्य खेळणाऱ्यांना तीन. मार्जिन तपासायला एक स्लॉट मोकळा ठेवाच. साप्ताहिक अपडेटच्या आदल्या रात्री मोठा साठा धरू नका. एखादी वस्तू सहज मिळू लागली की भाव कोसळतो आणि विक्रीच्या ऑफर तशाच पडून राहतात.

क्लॅनमधला सौदा समोरासमोर केला तर करही नाही, मर्यादाही नाही. पण सौद्याच्या दोन्ही खिडक्या वाचा. पहिलीत समोरच्याने वस्तू काढली की लाल उद्गारचिन्ह लुकलुकतं. ते दिसलं की सौदा बंद करून नव्याने उघडा. दुसऱ्या खिडकीत आकड्यातली शून्यं मोजा आणि वस्तूचं पूर्ण नाव पाहा, चित्रावर जाऊ नका. उसन्या दिलेल्या वस्तूला गेमचं कसलंच संरक्षण नाही. त्यामुळे उसनवारीसाठी क्लॅनचा नियम : तेवढ्याच किमतीची नाणी आधी समोरच्याकडून घ्यायची, वस्तू परत आली की नाणी त्याच खिडकीत परत करायची.