फणसाड : बिबट्या 'हमखास' दाखवणाऱ्याला पैसे देऊ नका

फणसाडला एका वाटाड्याने आमच्याकडून अडीच हजार रुपये घेतले आणि 'बिबट्या हमखास' असं छातीठोकपणे सांगितलं. पहिला अख्खा दिवस त्यात गेला. अशी हमी कुणी दिली तर तिथूनच मागे फिरा. रायगड जिल्ह्यातलं, जंजिऱ्याच्या नवाबाचं हे जुनं शिकारीचं रान १९८६ पासून अभयारण्य आहे. क्षेत्र जेमतेम ५४ चौरस किलोमीटर. बिबटे आहेत, पण दिसू नये यावरच त्यांचं पोट चालतं.

दुसऱ्या दिवशी सुपेगावातल्या एका काकांना सोबत घेतलं. ते बिबट्याला वाघच म्हणतात. त्यांनी आधीच सांगितलं, "वाघ शोधू नका, वानरांकडे बघा."

गाणीकडे, म्हणजे पाणवठ्याकडे, उतरणारी वाट वाईट आहे. एप्रिलमध्ये घोट्याएवढा पाचोळा आणि त्याखाली जांभ्याची सुटी खडी. दोनदा आपटलो, गुडघा फुटला. त्याहून वाईट म्हणजे प्रत्येक पावलाला कुरकुर. आपण पोचायच्या आधी सगळ्या रानाला वर्दी गेलेली असते. पाण्याजवळ बसल्यावर पाऊण तास एकही जनावर फिरकलं नाही, कारण त्यांच्या लेखी आपणही शिकारीच. बूट चांगले घाला, दुपारी तीनच्या आत बसा, आणि मग हलू नका.

पाचच्या सुमारास वानरं उतरली. नंतर एक सांबर मादी आली. दोन घोट पाणी, मान वर, कान फिरवून पुन्हा दोन घोट. इतक्या तहानेतही सलग पिणं नाही! तेवढ्यात उंबरावरचा हुप्प्या, म्हणजे टोळीतला मोठा नर, खाकरला. खालची वानरं क्षणात फांद्यांवर. सांबर मात्र पळाली नाही. शेपटी ताठ, पुढचा पाय जमिनीवर आपटत ती एका झुडपाकडे तोंड करून उभी राहिली आणि 'पाँक' असा आवाज दिला. माझ्या अंगावर काटा आला. काका कुजबुजले, "आता तो जाईल." बिबट्याची सगळी भिस्त दबा धरून जवळ येण्यावर असते. 'तू दिसलास' हे कळलं की तिथे थांबून त्याचा फायदा नाही.

बिबट्या दिसला नाही. सकाळी चिखलात ठसे होते, नखं न उमटलेले, म्हणजे मांजरकुळातल्या जनावराचे, आणि ताजे. अडीच हजारांच्या दिवसापेक्षा ही संध्याकाळ शंभर पटीनं मोठी.

अमेरिकेत यलोस्टोनच्या परिसरात मूस हरणाच्या माद्या रस्त्याजवळ येऊन वितात, कारण ग्रिझली अस्वलं रस्त्यापासून लांब राहतात. हे वाचलं होतं, पण भीती जनावराची जागा आणि वेळ ठरवते ते इथे डोळ्यांनी पाहिलं.

एकट्या भेकराच्या, म्हणजे छोट्या भुंकणाऱ्या हरणाच्या, आवाजावर विसंबू नका, ते माणसालाही भुंकतं. वानर आणि सांबर दोघांनी एकाच दिशेला तोंड करून आवाज दिला तर मात्र श्वास रोखून बसा. अत्तर, भडक कपडे, कुजबूज, सगळं बंद. पाणी माणशी तीन लिटर. वनखात्याची परवानगी आधी घ्या आणि अंधारापूर्वी बाहेर पडा. परतीचा तो चढ थकलेल्या पायांना पाऊण तास घेतो.

तिसरा दिवस काशीदच्या किनाऱ्यावर गेला. ठीक होता.

काकांनी दिवसाचे पाचशे मागितले. आम्ही हजार दिले.