ट्यूबमधला हिरवा

दरवर्षी उन्हाळा तापायच्या आत मी माझ्या रविवारच्या वर्गाला महाराजबागेत नेतो. उशीर झाला की नागपूरचं ऊन सगळे रंग फिके करून टाकतं, म्हणून सकाळी सातलाच इझल उभे. तैलरंगात बाग फोटोवरून शिकू नये, यावर मी ठाम आहे. फोटोत सावल्या काळ्याकुट्ट होतात आणि सगळी झाडं एका रंगाची.

यंदा वर्गात एक काका आहेत. सगळी नोकरी रोपवाटिकेत झाली, ब्रश निवृत्तीनंतर हाती घेतला. कॅनव्हासवर टर्पेंटाईनमध्ये पातळ केलेल्या बर्न्ट सिएनाचा, म्हणजे तांबूस तपकिरी रंगाचा, हात आधीच मारलेला होता. त्यावर डोळे किलकिले करून फक्त मोठे आकार आणि सावल्या मांडायच्या. सावल्या मी आधी पक्क्या करून घेतो. दीड-दोन तासांत ऊन सरकतं आणि त्यामागे धावलं की चित्र हातचं जातं.

मग झाडं आली. शेजारच्या मुलीने सॅप ग्रीनची ट्यूब पिळली आणि आंबा, कडुनिंब, गवत, सगळीकडे तोच रंग फिरवला. काका थोडा वेळ बघत राहिले आणि मला म्हणाले, "सर, हा हिरवा तं इथल्या कोणत्याच झाडाचा नाही जी."

"मग आंब्याचा कसा असतो, काका?"

त्यांनी खाली पडलेलं एक हिरवं पान उचललं. "हे वरून पहा. चमकते. आभाळ दिसते यात. आता उन्हाकडे धरून खालून पहा."

वरून पान निळसर करडं होतं. उन्हाकडे धरताच तेच पान पिवळंजर्द हिरवं झालं, शिरा न् शिर दिसू लागली. मी सगळ्यांचे ब्रश खाली ठेवायला लावले आणि प्रत्येकाच्या हातात एकेक पान दिलं.

त्यानंतरचा तास फक्त मिश्रणाचा. ऊन आरपार येतं तिथे लेमन यलोत किंचितसा अल्ट्रामरीन निळा. आभाळ झेलणाऱ्या पानांना त्याच हिरव्यात पांढरा आणि थोडा जास्त निळा. आंब्याच्या पोटातल्या गडद भागाला यलो ऑकरमध्ये आयव्हरी ब्लॅक; या दोघांतून उतरणारा शेवाळी हिरवा बघून त्या मुलीने माझ्याकडे दोनदा पाहिलं. पानांच्या फटींतून दिसणारं आभाळ मात्र मोकळ्या आभाळापेक्षा जरा गडदच लावायचं, नाहीतर झाडाला भोकं पडल्यासारखी दिसतात.

वरच्या थरासाठी मी लिनसीडची बाटली उघडली, तर काकांनी वास घेतला. "हे तं जवस आहे!" जवसच. विदर्भातल्या माणसाला ते काय सांगायचं! पण हे तेल उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. म्हणून खाली टर्पेंटाईनचे पातळ थर, वर तेलकट. उलटं केलं तर पुढे रंगाला तडे जातात. घट्ट होताना ते तापतंही, त्यामुळे तेलाच्या चिंध्यांचा बोळा तसाच टाकला तर आपोआप पेटू शकतो. चिंध्या मी पाण्याच्या डब्यातच टाकायला लावतो.

मुलीने पॅलेट नाइफने आपला आंबा खरवडला आणि नव्याने रंगवला. काकांच्या चित्रातली पायवाट अजून सरळ उभी चढते आहे, पण आंबा आंबाच आहे. पुढच्या रविवारी त्यांना वाट आडवी कशी पाडायची, ते दाखवायचं आहे.