डिकीची मॅट बदलण्याआधी ती उचला

नाशकात एसयूव्हीच्या डिकीतून काय जात नाही? जानेवारी ते एप्रिल द्राक्षांचे क्रेट, पावसाळा सरत आला की पिंपळगावच्या बाजूने टोमॅटो, मग कांद्याची गोणी, खताच्या पिशव्या, ठिबकच्या नळ्यांचं भेंडोळं. कागदोपत्री गाडी घरच्यांसाठी असते, मळ्यावर गेली की तिचा छोटा हत्ती होतो. तळ खराब झाला की लोक सरळ दुकानात जाऊन जाड मॅट आणतात आणि खराब तळावरच पसरतात. पण डिकीचा तळ घासून फारसा जात नाही, तो ओलीने जातो. मॅट वरची घाण अडवते आणि खालची ओल कोंडते. जितकी जाड मॅट, तितकी ओल जास्त दिवस टिकते.

म्हणून आधी सगळं उचला. मॅट, तळाची फळी, तिच्याखालचा थर्माकोलचा ट्रे, सगळं. क्रेटा किंवा नेक्सॉनसारख्या गाडीत स्टेपनी आत असते, तीही काढा आणि खड्ड्यात हात फिरवा. बोलेरोची स्टेपनी मागच्या दारावर असते, तिथे कार्पेटचा कोपरा उचलून खालचा नमदा दाबून बघा. वरून कार्पेट कोरडं लागतं आणि दाबलं की बोटांना पाणी लागतं, हे नेहमीचं. खालचा फोम पाणी आठवडेच्या आठवडे धरून ठेवतो.

पाणी कुठून येतं ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. एक माणूस टॉर्च घेऊन डिकीत बसवा, दार लावा आणि बाहेरून नळीने पाणी सोडा. सुरुवात खालून करायची आणि वर सरकायचं, प्रत्येक जागी दोन-तीन मिनिटं. पहिल्यांदा छतावर पाणी ओतलं तर ते सगळीकडून ओघळतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही. संशय घ्यायचा तो या क्रमाने: बंपरच्या आत दोन्ही बाजूंना असलेल्या हवेच्या झडपा, टेल लॅम्पमागचं गॅस्केट, दाराचं रबरी बीडिंग, मागच्या वायपरला पाणी नेणारी नळी, शेवटी रूफ रेलचे बोल्ट आणि सनरूफच्या निचऱ्याच्या नळ्या. मागून धक्का लागून पत्र्याचं काम झालेल्या गाडीत टेल लॅम्पचं गॅस्केट पहिल्यांदा तपासा. जुनंच दाबून बसवलेलं असतं.

वाळवण्यात घाई नको. कार्पेटखाली लाकडाचा ठोकळा सरकवून ते उचलून धरा आणि पंखा दोन दिवस चालू ठेवा. श्रावणातल्या हवेत नुसतं दार उघडं ठेवून काही वाळत नाही. वासासाठी खाण्याचा सोडा चालतो, पण तळ कोरडा झाल्यावर.

आता पत्रा. गंज दिसला तर तारेचा ब्रश, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, त्यावर इपॉक्सी प्रायमर आणि रंग. ओल्या गंजावर गाडीखाली मारतात तसलं काळं रबरी कोटिंग मारू नका, गंज आत निवांत वाढतो. सांधा उघडा दिसला तर सीम सीलर, म्हणजे पत्र्याचे सांधे बुजवायची लुगदी, भरा. खड्ड्यातलं रबरी बूच परत लावायला विसरू नका, तिथून रस्त्याचं पाणी वर येतं.

खताचा विषय वेगळा काढतो, कारण आपल्याकडे तोच जास्त नडतो. पोटॅश म्हणजे क्षारच. पिशवी फाटून मूठभर सांडलं तरी ते हवेतली ओल धरून पत्रा खात बसतं. नुसतं झाडून भागत नाही, ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसून काढावं लागतं. मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, त्याहून वाईट. द्राक्षाच्या गोडी छाटणीनंतर बोर्डो मिश्रणाच्या फवारणीसाठी ते आणताना पिशवी फुटली आणि खाली ओल असली, तर उघड्या पत्र्यावर तांब्याचा लालसर थर बसतो आणि तेवढं लोखंड विरघळतं. भरपूर पाण्याने धुवा आणि तो थर घासून काढा, त्यावर रंग देऊ नका. सगळ्यात सोपं म्हणजे खत आणि मोरचूद झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात न्यायचं. कीटकनाशक तर डिकीत नकोच. एसयूव्हीत डिकी आणि बसायची जागा यांची हवा एकच.

फळीकडे वळू. कंपनीची फळी बहुधा दाबलेल्या लाकडी भुश्श्याची नाहीतर आत कागदी जाळी असलेली असते. पहिली पाण्याने फुगते आणि फुगली की परत बसत नाही. दुसरी जॅकच्या किंवा क्रेटच्या कोपऱ्याखाली चेपते. बदलायची तर आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) शिक्क्याचा मरीन प्लाय घ्या. नुसतं ‘वॉटरप्रूफ’ म्हणून देतात त्यावर जाऊ नका, शिक्का बघा. खाली सगळीकडून टेका असेल तर ९ मिमी पुरतो. स्टेपनीच्या खड्ड्यावर फळी अधांतरी राहत असेल तर १२ मिमी. मीटरभर रुंद आणि पाऊण मीटर खोल १२ मिमीची फळी ५-६ किलो भरते, तेवढं चालतं.

माप जुन्या फळीवरून घ्या. ती फुगली असेल तर कडा खोट्या येतात, मग पुठ्ठ्याचा साचा कापून गाडीत बसवून बघा. कार्पेट कडेवरून खाली दुमडायचं असेल तर प्रत्येक बाजूला ३ मिमी कमी कापा. कापलेल्या कडांना आणि प्रत्येक भोकाच्या आत पीयू (पॉलियुरेथेन) वॉर्निशचे दोन हात द्या. प्लाय पाणी पितो तो कडेतूनच. कार्पेट चिकटवायला एसआर (सिंथेटिक रबर) जातीचा गम दोन्ही पृष्ठभागांवर लावा आणि बोटाला चिकटेनासा होईपर्यंत, साधारण १०-१५ मिनिटं, थांबा. ओला असताना दाबलं तर एप्रिलच्या उन्हात कडा उचकटणार. खालून पिना मारायच्या तर १२ मिमीच्या फळीला ८ मिमीच्या, स्टेनलेस.

मॅट आता. क्रेट आणि भाजीसाठी कडा उभ्या असलेला टीपीईचा, म्हणजे रबरासारख्या लवचिक प्लॅस्टिकचा, ट्रे, चारही बाजूंना ३-४ सेंमी उंच. काढून नळाखाली धुता येतो. शिवलेल्या रेक्झिनच्या मॅट दिसायला छान, पण शिलाईतून पाणी फोममध्ये जातं. गोठ्यातली रबर मॅट टिकाऊ आहे, पण १० मिमीची चौरस मीटरला १२ किलोच्या पुढे जाते आणि उन्हात केबिनभर वास. गुळगुळीत शीट टाकली तर वळणावर क्रेट घसरतो. काही हायब्रिड गाड्यांत मागे बॅटरीच्या हवेची जाळी असते, ती कशानेही झाकू नका.

बसवून झालं की तिसरी रांग असेल तर तिची सीट दुमडून परत लॉक होते का ते पाहा, फळी २-३ मिमी जाड झाली तरी कुलूप बसत नाही. आणि फळीला उचलायचा पट्टा नक्की ठेवा. रात्री भर पावसात इगतपुरीच्या घाटात पंक्चर झालं तर एका हातात टॉर्च असणार, स्टेपनीपर्यंत दुसऱ्या हातानेच पोचायचं आहे.