आमची वाटचाल : पत्र्यावरच्या रंगापासून मॉलमधल्या अक्षरांपर्यंत

आमच्या वर्कशॉपच्या भिंतीवर साडेतीन फुटी एक पत्रा टांगलेला आहे. पिवळ्या जमिनीवर लाल एनॅमलने लिहिलंय, ‘खानावळ. महिना मेंबर घेतले जातील’. कडा गंजल्यात, ‘घेतले’मधला ‘घ’ जवळपास गेलाय. हा बोर्ड बाबांनी 1979 साली डिलाइल रोडवरच्या एका खानावळीसाठी लिहिला. मोबदला म्हणून महिनाभराचं जेवण मिळालं. आई तेव्हा आम्हाला घेऊन गावी, कोकणात होती. बाबा गाळ्यात राहायचे आणि त्याच खानावळीत जेवायचे. गिरणीत ते पॅकिंग खात्यात होते. कापडाच्या गाठींवर स्टेन्सिलने मार्का आणि नंबर मारायचं काम. ब्रशची सवय तिथली.

18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. आमच्या गाळ्यातली निम्मी माणसं गावाला गेली ती परतलीच नाहीत. बाबा राहिले ते हातात ब्रश होता म्हणून. 1984 मध्ये चाळीच्या जिन्याखाली पाच बाय सात फुटांची जागा मिळाली आणि आमचा बोर्ड लिहायचा धंदा सुरू झाला. पिठाच्या गिरण्या, भजनी मंडळं, गणपतीच्या मंडपाचे कापडी फलक, दवाखाने, शिवणक्लास. सगळं मराठीत.

मी शाळेतून आलो की दोरी धरायचो. दोरी खडूच्या भुकटीत माखायची, पत्र्यावर ताणून धरायची आणि मधून उचलून टणकन सोडायची. एक रेघ वरची, शिरोरेषेची. एक खालची, अक्षरांचे पाय टेकायची. बाबांचा नियम एकच होता : शब्द आधी मोजायचा, मग लिहायचा. किती मात्रा वर जाणार, किती उकार खाली उतरणार, हे कळल्याशिवाय डब्यात ब्रश बुडवायचा नाही. आज आमच्याकडे सीएनसी राउटर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं कापायचं यंत्र आहे, लेझर आहे, पण कारागिरांना पहिल्या दिवशी मी हेच सांगतो.

गिरण्यांचं पुढे काय झालं ते आमच्या डोळ्यांसमोर झालं. सेनापती बापट मार्गावरची फिनिक्स मिल 1905 ची. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58 व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले : एक पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. 2001 मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली. जिथे शेड उभ्या होत्या तिथे वाट्याला काय येणार? माझं स्पष्ट मत आहे की गिरणगावावर सर्वांत मोठा अन्याय संपाने केला नाही, या बदलाने केला. कामगारांच्या घरांसाठी जवळपास दीड लाख अर्ज आले. बाबांचा अर्जही त्यात आहे. लॉटरी अजून लागायची आहे.

फिनिक्सच्या आवारात आधी बोलिंग आलं, म्हणजे जड चेंडूने पिना पाडायचा खेळ. 1999 मध्ये हाजी अलीजवळ ताडदेवला क्रॉसरोड्‌स सुरू झाला, मुंबईचा पहिला मॉल. पुढे फिनिक्समध्ये बिग बझार आलं आणि लोअर परळ स्टेशनच्या पुलावर हातात पिशव्या घेतलेली गर्दी दिसू लागली. एके काळी त्याच पुलावरून पाळीची माणसं डबे घेऊन उतरायची. आवारातली गिरणीची चिमणी मात्र ठेवली. ती अजून उभी आहे, आणि मी तिथे कामाला गेलो की एकदा वर बघतोच.

त्याच काळात फ्लेक्स आलं आणि ब्रशने लिहिणाऱ्यांचं पोट हातावर आलं. आमच्या भागातल्या किती पेंटरांनी रंगाचे डबे कायमचे बंद केले त्याची गणतीच नाही. आम्ही वाचलो कारण 1998 मध्ये पतपेढीचं कर्ज काढून मी व्हायनल, म्हणजे चिकटणारा प्लास्टिकचा कागद, कापायचा प्लॉटर घेतला होता. बाबांना तो आवडला नव्हता. त्यांनी सही मात्र केली, जामीन म्हणून.

2003 मध्ये मॉलचं पहिलं काम मिळालं, तेही फिनिक्समध्येच, एका मोठ्या ठेकेदाराच्या हाताखाली. अकरा ॲक्रिलिक अक्षरं, सगळी इंग्रजी. दुकानावर बोर्ड लावायचा म्हणजे शिडी टेकवून खिळे ठोकायचे, एवढंच आम्हाला माहीत होतं. मॉलमध्ये आधी गेट पास, मग वर्क परमिट, वेल्डिंग असेल तर वेगळी परवानगी, सेफ्टी बेल्ट, हेल्मेट. सामान सर्व्हिस लिफ्टने आणायचं आणि शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावरच हात लावायचा. सकाळी साफसफाईवाले यायच्या आत धूळसुद्धा उरता कामा नये. त्या रात्री अक्षरं सरळ रेषेत बसवायला मी खिशातून बाबांची दोरी काढली. सुपरवायझर बघत राहिला. पहाटे साडेचारला काम संपलं आणि कुठलंही अक्षर एका मिलिमीटरनेही हललेलं नव्हतं. पुढची चार कामं त्याच दोरीने मिळवून दिली.

मग शहरभर मॉल उभे राहिले. 2004 मध्ये मालाडचं इनऑर्बिट, 2009 मध्ये घाटकोपरचं आर सिटी, 2011 मध्ये कुर्ल्याचं फिनिक्स मार्केटसिटी आणि त्याच वर्षी पुण्यात विमाननगरचं. आम्ही जिन्याखालून निघून आठशे फुटांच्या गाळ्यात आलो. ट्यूबलाइटचे ग्लो साइन गेले, एलईडी मॉड्यूल आले. चौदा माणसं झाली. 2012 मध्ये एका ठेकेदाराने आमचे सहा लाख चाळीस हजार बुडवले, ऑफिसच बंद करून टाकलं. त्या दिवाळीला माणसांचा बोनस द्यायला बायकोच्या पाटल्या गेल्या. तेव्हापासून पन्नास टक्के आगाऊ आल्याशिवाय आम्ही शीट कापत नाही.

जुलै 2018 मध्ये लोअर परळचा रेल्वेवरचा डिलाइल पूल बंद झाला आणि टेम्पोला हाकेच्या अंतरासाठी वळसा पडू लागला. मार्च 2020 मध्ये मॉल बंद झाले ते ऑगस्टमध्ये उघडले. त्या दिवसांत आम्ही सहा फूट अंतराचे जमिनीवरचे गोल आणि काउंटरपुढचे ॲक्रिलिकचे पडदे केले. एकाही माणसाला काढलं नाही, पगार मात्र निम्मे झाले. पुढच्या वर्षी पुन्हा कुलपं लागली तेव्हा बाबा म्हणाले, ‘संपात आपण याहून जास्त दिवस काढले.’ एवढंच बोलले, पण मला पुरलं.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसलो, तिच्याकडे येतो. 2022 मध्ये राज्याने दुकानं आणि आस्थापनांच्या कायद्यात दुरुस्ती केली. दहापेक्षा कमी कामगार असले तरी पाटी देवनागरीत मराठीत हवी, सुरुवात मराठीने हवी आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीच्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. सर्वोच्च न्यायालयाने 25 सप्टेंबर 2023 ला दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. मग फोन वाजायचा थांबेना. वीस वर्षं आम्ही मॉलमध्ये इंग्रजी अक्षरं लावत होतो. आता तेच ब्रँड विचारत होते, मराठी बोर्ड किती दिवसांत मिळेल?

काम दिसतं तितकं सोपं नाही. इंग्रजी कॅपिटल अक्षरं एका उंचीची असतात, सुटी सुटी असतात. एक बिघडलं तर एकच बदला. देवनागरीत शिरोरेषा सगळा शब्द बांधून ठेवते. म्हणजे ‘कलेक्शन’ हा सहा फुटांचा एकच डबा होतो, आणि तो सर्व्हिस लिफ्टमध्ये मावत नाही. मग रेषा कुठे तोडायची? आम्ही ती अक्षराच्या दांड्यावर तोडतो, म्हणजे सांधा दिसत नाही. मॉलने बोर्डासाठी ठरवून दिलेली पट्टी दोन फुटांची असेल, तर त्यात वर मात्रा, मध्ये अक्षर, खाली उकार असे तीन मजले बसवायचे असतात. उंची मोजायची ती मधल्या मजल्याची की मात्रेपासून उकारापर्यंतची? मधलं अक्षर इंग्रजीपेक्षा लहान दिसलं तर कायद्याचा हेतूच गेला, म्हणून आम्ही मधला मजलाच धरतो. आणि शिरोरेषा बारीक ठेवली तर तिच्यात एलईडी मावत नाही. रात्री अक्षरं उजळतात आणि रेषा काळी राहते. शब्द फासावर लटकल्यासारखा दिसतो. म्हणून रेषा जाड करायची आणि त्या प्रमाणात सगळं अक्षर पुन्हा काढायचं.

एका ब्रँडच्या दिल्लीच्या ऑफिसातून डिझाइन आलं, त्यात ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे होते. आपल्या शासनाने 2009 च्या वर्णमालेच्या निर्णयात पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ठरवून दिलेत. मी ते कळवलं. उत्तर आलं, फॉन्ट बदलता येणार नाही. मी दोन अक्षरं स्वतः काढून पाठवली, त्यांच्याच फॉन्टच्या जाडीत बसवून. आठ दिवसांनी मंजुरी आली. पुढे त्यांनी महाराष्ट्रातल्या सगळ्या दुकानांना तीच अक्षरं वापरली. मला वाटतं, आमच्या धंद्यातलं आजवरचं सर्वांत मोलाचं काम ते, आणि त्याचं बिल मी लावलं नाही.

चूकही त्याच गडबडीत झाली. मुदत संपायला चार दिवस होते. लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान होतं आणि नावात ‘किड्‌स’ होतं. आमच्या जुन्या सॉफ्टवेअरने फाइल उघडताना वेलांटी एक घर पुढे सरकवली. रात्री अक्षरं कापली, त्याच रात्री मॉलमध्ये चढवली आणि दिवे लावले. आम्ही पाच जण होतो. दोन रात्रींचं जागरण, कुणाच्या लक्षात आलं नाही. पहाटे फरशी पुसणाऱ्या एक मावशी थांबल्या, मान वर करून सावकाश वाचलं आणि म्हणाल्या, ‘दादा, कडिस म्हणजे काय हो?’

माझ्या पोटात खड्डा पडला. बोर्ड उतरवला, वर्कशॉपला आणला आणि संध्याकाळपर्यंत नवीन केला. दुकानदाराला मीच आधी फोन करून सांगितलं. त्या मावशींना मी नंतर शोधून भेटलो. त्यांचे वडीलही गिरणीत होते, लालबागला. त्या म्हणाल्या, इतकी वर्षं इथे पुसतेय, वाचायला काही नव्हतं, म्हणून नीट वाचलं.

त्या दिवसापासून नियम केलाय. देवनागरीचा प्रत्येक बोर्ड कापायच्या आधी पूर्ण आकारात कागदावर छापायचा आणि डिझाइन न केलेल्या माणसाने तो मोठ्याने वाचायचा. बहुतेक वेळा हे काम बाबा करतात. ते आता 77 वर्षांचे आहेत. दुपारी चहाच्या वेळी वर्कशॉपला येतात, चष्मा पुसतात, कागद भिंतीवर लावायला सांगतात आणि चार पावलं मागे जाऊन बघतात. जवळून कधीच बघत नाहीत. बोर्ड रस्त्यावरून वाचायचा असतो, असं त्यांचं म्हणणं. मग पेन्सिलने खुणा करतात : इथे पोट जास्त, इथे मात्रा आडवी झाली, या दोन अक्षरांत हवा ठेवा.

नोव्हेंबर 2023 मध्ये, मुदत संपायच्या दोनच दिवस आधी, डिलाइल पूल पूर्ण सुरू झाला. त्या आठवड्यात आम्ही एकवीस बोर्ड त्यावरून नेले. एका रात्री बाबा टेम्पोत पुढे बसून फिनिक्सपर्यंत आले. पास नसल्यामुळे ते आत आले नाहीत, गाडीतच थांबले. आम्ही परतलो तेव्हा ते काच खाली करून चिमणीकडे बघत होते. मी मोबाइलवर बोर्डाचा फोटो दाखवला. बोटांनी मोठा करून त्यांनी बराच वेळ पाहिला आणि विचारलं, ‘रेषा सलग दिसते. सांधा कुठे घेतलास?’ मी दाखवल्यावरच त्यांना तो सापडला.

येत्या गुरुवारी रात्री कुर्ल्याला दोन बोर्ड चढवायचे आहेत. एकात ‘ळ’ आहे, आणि ब्रँडच्या फॉन्टमधला ‘ळ’ फारच चपटा आहे. बाबांनी काल ब्राउन पेपरवर ब्रशने नवा काढून दिलाय. रंग अजून ओला आहे, म्हणून तो खानावळीच्या पत्र्याखाली वाळत लावलाय.