आरेतली एक फेरी आणि त्यानंतरचे एकोणचाळीस दिवस

सलग तीन दिवस पाऊस कोसळल्यानंतर चौथ्या दिवशी, रविवारी सकाळी, ढग जरासे वर सरकले आणि आमचा कुत्रा खंड्या दाराशी जाऊन बसला. त्या तीन दिवसांत इमारतीच्या पार्किंगमध्ये खांबांभोवती घातलेल्या चकरा, एवढेच त्याचे फिरणे उरले होते. आम्ही गोरेगाव पूर्वेला राहतो. आरेचा नाका घरापासून चालत पंधरा मिनिटांवर आहे, आणि गावाकडचे म्हणावे असे चालणे मुंबईत आम्हाला तिथेच मिळते. शहरातले तबेले हलवण्यासाठी १९४९ साली वसवलेल्या या दूध वसाहतीत म्हशींचे गोठे आहेत, वैरणीची कुरणे आहेत, आणि या सगळ्याच्या आधीपासून तिथे राहणाऱ्या आदिवासींचे पाडे आहेत. बिबटेही आहेत, आणि कुत्रा हे त्यांचे नेहमीचे भक्ष्य असल्यामुळे चांगले उजाडल्याशिवाय मी खंड्याला तिकडे नेत नाही व पट्टा कधीही सोडत नाही.

मुख्य रस्त्यावर एक गुलमोहर मुळासकट आडवा झाला होता, म्हणून आम्ही पाड्याकडे जाणारी पायवाट धरली. दोन्ही बाजूंना टाकळा माजला होता, कुरणातले गवत पाण्याच्या ओढीने एकाच दिशेला झोपले होते आणि एरवी उडी मारून ओलांडता येणारा ओढा पायवाटेवरून वाहत होता. ओशिवरा नदी याच टेकड्यांत उगम पावते आणि पुढे मालाडच्या खाडीला मिळते; आपल्याला ती महामार्गाखालून जाणारा नाला म्हणूनच ठाऊक असते. पाण्याच्या कडेला एक बाई खेकडे पकडत होत्या. मी थबकलेली पाहून त्या म्हणाल्या, "पाणी गुडघ्याच्या खाली हाय ताई, पण डाव्या अंगानं जा, उजवीकडं खड्डा पडलाय. आन पाय आपटत चाला. बिळांत पाणी शिरलं की जनावर वर येतं."

मी त्यांनी सांगितल्याप्रमाणे डावीकडून, पाय आपटत, साप येणार नाही याची सगळी काळजी घेत गेले. ज्याची काळजी घ्यायला हवी होती ते मात्र पायाखालीच होते. पाण्याला शेणाचा वास येत होता, कारण वरच्या अंगाला गोठे होते. मधोमध पोहोचल्यावर खंड्याने मान खाली घालून चार-पाच घोट पाणी प्यायले, आणि पलीकडे चढताना तो लंगडू लागला. चिखलातल्या काचेने त्याच्या पुढच्या डाव्या पंजाची गादी कापली होती. माझ्या पायांत उघड्या चपला होत्या आणि टाचांना बारमाही भेगा आहेत. परतीच्या वाटेवर मला लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा दूषित पाण्यातून होणारा आजार, आठवला.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतरच्या आठवड्यांत लेप्टोस्पायरोसिस हा शब्द मुंबईच्या घराघरांत पोहोचला. उंदीर, गुरे आणि कुत्री यांच्या मूत्रातून हे जंतू पाण्यात व ओल्या मातीत उतरतात, तिथे ते दिवसच्या दिवस तग धरतात आणि कातडीवरच्या जखमेतून किंवा तोंड, नाक, डोळे यांच्या ओल्या अस्तरातून शरीरात शिरतात. गोठा म्हटला की गुरे आली, आणि वैरण-पेंड म्हटली की उंदीरही आले. आम्ही दोघांनी एकाच सकाळी यांतले सगळे दरवाजे उघडून ठेवले होते.

घरी आल्यावर आधी खंड्याला पार्किंगमधल्या नळाखाली साबणाने धुतले, बोटांच्या मधली जागा, पोट आणि कानांमागचा भाग विशेष घासला, जखम वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धरून मग बीटाडिन लावले. तेव्हा त्याच्या डाव्या कानाच्या घडीत तुरीच्या दाण्याएवढी फुगलेली एक गोचीड सापडली. ती चिमट्याने मुळाशी धरून काढली, आणि हेही आरेच्या गवताने दिलेले दान, असे म्हणून तिच्याबद्दल पुढे विचारच केला नाही. ही गोचीड वाचकांनी लक्षात ठेवावी.

माझे काम त्या मानाने सोपे निघाले. सोमवारी सकाळी महापालिकेच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी दोनच गोष्टी विचारल्या: पाण्यातून किती वेळा गेलात, आणि पायाला जखम होती का. जखम नसती तर डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाचा २०० मिलिग्रॅमचा एकच डोस पुरला असता, पण भेगा ही जखमच धरतात, म्हणून तीन दिवस रोज एक डोस; पुन्हापुन्हा पाण्यातून जावे लागणाऱ्यांना आठवड्यातून एकदा, असे सहा आठवडे. हे औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवे, जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर घ्यायचे आणि घेतल्यावर लगेच आडवे व्हायचे नाही. लांबलचक रांगेसकट माझा सगळा कारभार पाऊण तासात आटोपला.

खंड्याचे तसे नव्हते. त्याच्या डॉक्टरांनी लसीचे पुस्तक मागितले आणि ते चाळताना माझीच मान खाली गेली. लेप्टोची लस दरवर्षी द्यावी लागते आणि त्याची शेवटची लस होऊन सोळा महिने झाले होते. डॉक्टरांनी जखम साफ केली आणि सांगितले, "मॅडम, आत्ता नुसते लक्ष ठेवायचे. लक्षणे दिसायला साधारण दोन आठवड्यांपर्यंत वेळ लागू शकतो. ताप, उलटी, खाणे सोडणे, लघवी कमी-जास्त होणे, हिरड्या किंवा डोळे पिवळे दिसणे, यांतले काहीही झाले तर त्याच दिवशी आणा. त्याची लघवी साफ करताना हातमोजे घाला." शेवटचे वाक्य ऐकल्यावर मला घरातल्या ऐंशी वर्षांच्या आईची आठवण झाली, आणि खंड्याचे अंथरूण त्या रात्री तिच्या खोलीतून बाहेर आले. या निर्णयावर दोघेही आठवडाभर नाराज होते.

मग वही सुरू झाली. सकाळ-संध्याकाळ ताप, प्यायलेले पाणी, लघवीचा रंग, हिरड्यांचा रंग. कुत्र्याचे तापमान माणसापेक्षा जास्त असते, १०१ ते १०२.५ फॅरनहाइटपर्यंत ते ठीक समजतात, हे मला ठाऊक नसल्यामुळे पहिल्याच संध्याकाळी १०१.८ पाहून मी डॉक्टरांना फोन केला. थर्मामीटर कुठे लावतात हे सांगण्याची गरज नसावी. तिसऱ्या दिवसापासून खंड्या तो डबा उघडण्याचा आवाज ऐकून पलंगाखाली जाऊ लागला. दहा दिवस वहीत लिहिण्यासारखे काही घडले नाही.

अकराव्या दिवशी सकाळी त्याने चपातीकडे पाहिलेसुद्धा नाही आणि ताप १०३.९ भरला. मी त्याला रिक्षात घालून नेले तेव्हा निदान माझ्या मनात पक्के होते. डॉक्टरांनी आधी रक्त आणि लघवीचे नमुने घेतले, मगच औषध सुरू केले. एकदा औषध पोटात गेले की जंतू सापडणे अवघड होते, असे त्यांनी सांगितले. मूत्रपिंड व यकृताचे आकडे संध्याकाळपर्यंत आले आणि ते जवळपास ठीक होते. प्लेटलेट्स मात्र बासष्ट हजार होत्या. किमान दोन लाखांच्या आसपास तरी असायला हव्यात. दोन दिवसांनी पीसीआरचा, म्हणजे नमुन्यात जंतूंचा अंश शोधणाऱ्या चाचणीचा, अहवाल आला. लेप्टो नाही. एर्लिकिया, म्हणजे गोचीडताप.

मी लगेच आरेच्या गवताला बोल लावला. डॉक्टरांनी विचारले की गोचीड सापडली केव्हा आणि केवढी होती. त्याच दिवशी दुपारी, तुरीएवढी, हे ऐकल्यावर ते हसले. गोचिडीला रक्त पिऊन इतके टम्म फुगायला कित्येक दिवस लागतात, त्यामुळे सकाळी चिकटून दुपारी ती तेवढी होणे शक्यच नव्हते. शिवाय हा ताप पसरवणारी तपकिरी गोचीड रानापेक्षा माणसांच्या वस्तीत, भिंतींच्या भेगांत आणि कुत्र्यांच्या बसण्याच्या जागी अधिक राहते. म्हणजे पाऊस पडत असताना, ज्या पार्किंगमध्ये मी त्याला सुरक्षित समजून फिरवत होते, तिथूनच ती आली असण्याची शक्यता सर्वांत जास्त होती.

औषध तेच निघाले, डॉक्सिसायक्लिन; मात्र अठ्ठावीस दिवस. गोळी मी पनीरमध्ये लपवून देत होते ती चूक होती, कारण दुधाच्या पदार्थांतल्या कॅल्शियममुळे हे औषध अंगी लागत नाही. मग गोळी उकडलेल्या कोंबडीच्या तुकड्यात गेली, वरून घोटभर पाणी, आणि आमचे शाकाहारी स्वयंपाकघर महिनाभर वेगळ्या पातेल्याने बाटले, हे आईने मोठ्या मनाने चालवून घेतले. चौथ्या दिवशी खंड्याने स्वतःहून वाटी चाटली. अठ्ठाविसाव्या दिवशी प्लेटलेट्स दोन लाख चाळीस हजार होत्या.

लेप्टोची लस आता नव्याने, तीन आठवड्यांच्या अंतराने दोनदा घ्यायची आहे. पहिली झाली, दुसरीची तारीख फ्रिजवर चिकटवली आहे. पार्किंगच्या भिंतीतल्या भेगा बुजवाव्यात म्हणून सोसायटीला मी दोन अर्ज दिले. पहिल्यावर, कुत्रे पाळणाऱ्यांनी तो खर्च करावा, असे उत्तर आले. दुसऱ्यासोबत मी त्या भेगांतून टॉर्चच्या उजेडात काढलेले गोचिडींचे फोटो जोडले, आणि गवंडी येत्या सोमवारी येणार आहे.