तुम्ही विचारलंत म्हणून: नवीन मायक्रोसॉफ्ट ऑफिस टाकलं की जुना अ‍ॅक्सेस प्रोग्राम का अडतो?

"भाऊ, कालपर्यंत चालत होतं नं, आज काहून नाही चालून राह्यलं?" फोन इतवारीतल्या ठोक दुकानातून येवो की कळमन्याच्या अडतीतून, शब्द हेच असतात. मागची हकीकतही ठरलेली. जुना कॉम्प्युटर गेला, नवा आला, त्यावर नवीन ऑफिस टाकलं. पंधरा-वीस वर्षांपूर्वी कुणीतरी अ‍ॅक्सेसमध्ये (ऑफिसमधल्या डेटाबेसच्या प्रोग्राममध्ये) बांधून दिलेला हिशोबाचा प्रोग्राम उचलून नव्यावर ठेवला. बिलाचं बटण दाबलं आणि इंग्रजीत एक चौकट आली. बांधून देणारा केव्हाच नागपूर सोडून गेलेला.

बहुतेक वेळा कोड जसा होता तसाच असतो. तो ज्या लायब्ररींच्या (तयार कोडच्या संचांच्या), सेटिंगांच्या आणि फोल्डरांच्या भरवशावर उभा होता, त्यांतलं काहीतरी नव्या मशीनवर नसतं. म्हणून पिवळी पट्टी पडलेल्या ओळीवर लगेच हात चालवू नका. ती ओळ बहुधा निर्दोष असते.

सुरुवात कॉपीने. सगळ्यांना प्रोग्राममधून बाहेर यायला सांगा. फोल्डरमध्ये डेटाफाइलच्याच नावाची एलडीबी किंवा एलएसीसीडीबी फाइल दिसत असेल तर कुणीतरी अजून आत आहे (किंवा मागच्या वेळी लाइट गेली तेव्हा ती तशीच राहिली आहे). ती गेल्यावर फोल्डर दोनदा कॉपी करा: एक प्रत हात न लावता ठेवायची, दुसरीवर काम करायचं. नवीन ऑफिस फाइल 'कन्व्हर्ट करू का' असं विचारेल, तेव्हा मूळ फाइलवर कधीच 'हो' म्हणू नका.

मग फाइलची जात बघा. नावाचा शेवट एमडीई असेल तर आत मूळ कोडच नाही, फक्त भाषांतरित रूप आहे. ऑफिस ३२ आणि ६४ बिट अशा दोन रूपांत येतं; ३२ बिटमध्ये बनवलेली एमडीई ६४ बिट अ‍ॅक्सेसवर चालणार नाही आणि तिच्यात दुरुस्तीही करता येणार नाही. मूळ एमडीबी, म्हणजे कोड असलेली फाइल, शोधावीच लागेल, जुन्या हार्डडिस्कवर, पेनड्राइव्हवर, कुठेही. एमडीबी मिळाली, पण ती अ‍ॅक्सेस ९७ च्या काळातली असेल, तर २०१३ पासून पुढचं अ‍ॅक्सेस ती उघडतच नाही. मध्ये एक पायरी घ्यावी लागते: २००३, २००७ किंवा २०१० असलेला एखादा कॉम्प्युटर गाठून ती २००२-२००३ च्या स्वरूपात बदलायची आणि मग नव्यावर आणायची.

बटण दाबलं आणि काहीच झालं नाही, चौकटही आली नाही, तर दुखणं किरकोळ आहे. मॅक्रो बंद आहेत. फाइल मेनू, ऑप्शन्स, ट्रस्ट सेंटर, ट्रस्टेड लोकेशन्स या वाटेने प्रोग्रामचं फोल्डर विश्वासातलं करा. फोल्डर नेटवर्कवर असेल तर त्याच पानावर खाली नेटवर्कसाठी वेगळी खूण करावी लागते, ती हमखास विसरली जाते. फाइल ईमेलने किंवा व्हॉट्सअ‍ॅपने आली असेल तर तिच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'अनब्लॉक'ही करा.

आता खरं काम. शिफ्ट दाबून धरून फाइल उघडा, म्हणजे सुरुवातीचा फॉर्म मध्ये येणार नाही. ऑल्ट आणि एफ ११ ने कोडची खिडकी उघडा, टूल्स मेनूतून रेफरन्सेस निवडा. ते करडं दिसत असेल तर कोड मधेच अडकून थांबलेला आहे, आधी रिसेट करा. यादीत एखाद्या ओळीपुढे 'मिसिंग' लिहिलेलं असेल तर निम्मं निदान झालं.

मिसिंगचा स्वभाव मात्र फसवा आहे. हरवलेली असते कॅलेंडरची लायब्ररी, आणि तक्रार येते लेफ्ट, मिड, ट्रिम, फॉरमॅट, डेट या साध्या फंक्शन्सवर: 'कॅन्ट फाइंड प्रोजेक्ट ऑर लायब्ररी'. कारण असं की नाव कुठल्या लायब्ररीतलं आहे हे शोधताना वीबीए (ऑफिसची कोडची भाषा) सगळी यादी धुंडाळतं आणि तुटलेल्या नोंदीशी आलं की तिथेच हात टेकतं. मग कुणी लेफ्टच्या आधी वीबीए आणि टिंब लावून ती ओळ चालवून घेतं. चालते. पण उद्या दुसऱ्या फॉर्मवर ट्रिम रडेल. मिसिंगची खूण काढा, डिबग मेनूतून कंपाइल करा, म्हणजे सगळा कोड तपासून घ्या. ज्या ओळी आता अडतील, त्याच त्या लायब्ररीच्या खऱ्या गिऱ्हाईक.

ऑफिस २०१० पासून जुना कॅलेंडर कंट्रोल सोबत येत नाही. त्याच्यासाठी इंटरनेटवर ओसीएक्स (कंट्रोलची फाइल) शोधत फिरू नका. २००७ पासून तारखेच्या टेक्स्टबॉक्सला स्वतःचा तारीख-निवडक आहे. जुना कंट्रोल काढा, साधा टेक्स्टबॉक्स ठेवा आणि त्याचं फॉरमॅट तारखेचं करा. 'अ‍ॅप्लिकेशन डॉट फाइलसर्च' २००७ मध्येच काढून टाकलं गेलं. त्याच्या जागी फाइली शोधणाऱ्या डिर फंक्शनचा लूप लिहायचा, दहा ओळींचं काम आहे.

एक्सेलचा रेफरन्स वेगळ्या कारणाने त्रास देतो. फाइल नव्या ऑफिसमध्ये उघडली की एक्सेल ११ चा रेफरन्स आपोआप १६ होतो. उलटं होत नाही. दुकानात तीन कॉम्प्युटर, प्रोग्रामची फाइल एकच, सर्व्हरवर. नव्या मशीनवाल्याने सकाळी ती उघडली की दुपारी जुन्या दोघांकडे मिसिंग. 'कधी चालते, कधी नाही' ही तक्रार ऐकली की आधी हेच विचारा: फाइल सगळ्यांची एकच आहे का? डेटा एका फाइलमध्ये सर्व्हरवर, आणि फॉर्म-रिपोर्टची फाइल ज्याची त्याच्या कॉम्प्युटरवर, अशी विभागणी करा. शिवाय एक्सेलचा रेफरन्स काढून व्हेरिएबल 'ऑब्जेक्ट' म्हणून जाहीर करा आणि क्रिएटऑब्जेक्टने एक्सेल उघडा, म्हणजे आवृत्तीचं बंधनच उरत नाही. मग एक्सेलची ठरलेली नावं मात्र वीबीएला कळत नाहीत, त्यांचे आकडे द्यावे लागतात. 'एक्सएलअप' म्हणजे उणे ४१६२.

रेकॉर्डसेटची (टेबलातून काढलेल्या नोंदींच्या संचाची) गंमत जुनीच आहे, तरी अजून भेटते. कोडमध्ये 'डिम आरएस अ‍ॅज रेकॉर्डसेट' एवढंच लिहिलेलं असतं. डीएओ आणि एडीओ या डेटा हाताळणाऱ्या दोन लायब्ररी; रेकॉर्डसेट डीएओमध्ये आहे तसा एडीओमध्येही आहे. यादीत जी लायब्ररी वर, तिचा धरला जातो. अ‍ॅक्सेस २००० आणि २००२ नव्या फाइलला फक्त एडीओ जोडत असे. २००७ पासून डीएओच्या घराण्यातली एसीई लायब्ररी जोडली जाते. खराब झालेली फाइल 'कोऱ्या फाइलमध्ये इम्पोर्ट करून' वाचवली की रेफरन्स सोबत येत नाहीत, कोऱ्या फाइलचे लागू होतात, आणि एरर १३ उभी राहते: टाइप मिसमॅच. उपाय एकदाच करायचा: सगळीकडे 'डीएओ डॉट रेकॉर्डसेट' किंवा 'एडीओडीबी डॉट रेकॉर्डसेट' असं पूर्ण नाव लिहायचं. ओपनरेकॉर्डसेटने उघडलेला म्हणजे डीएओचा, इतकी ओळख पुरे. डीएओ ३.६ आणि एसीई या दोन्हींवर एकदम खूण करायला जाल तर नावाच्या भांडणाची चौकट येईल. एसीई ठेवा, ३.६ काढा.

यापुढचा गोंधळ ६४ बिटचा. ऑफिस २०१९ पासून, मुद्दाम वेगळं निवडलं नाही तर ६४ बिटच बसतं, आणि दुकानदाराला ते माहीतही नसतं. फाइल मेनू, अकाउंट, अबाउट अ‍ॅक्सेस इथे पहिल्याच ओळीत लिहिलेलं असतं. प्रोग्राममध्ये बाहेरचे ओसीएक्स कंट्रोल भरपूर असतील, तर कोडशी झुंजत बसण्यापेक्षा ऑफिस काढून ३२ बिटचं टाका. ६४ बिटच्या विंडोजवर ३२ बिटचं ऑफिस व्यवस्थित चालतं. 'नवीन मशीनवर जुनं कशाला' असं मालक म्हणतील. त्यांना सांगा की लाखभर नोंदींच्या हिशोबाला फरक पडत नाही.

६४ वरच राहायचं असेल तर डिक्लेअरच्या (विंडोजची फंक्शन्स बोलावणाऱ्या) प्रत्येक ओळीत 'पीटीआरसेफ' हा शब्द घालावा लागतो. इथे बहुतेक लोक थांबतात, कारण कंपाइल होतं. पण तो शब्द म्हणजे नुसती हमी आहे: 'मी ही ओळ तपासली आहे' असं तुम्ही सांगता, आणि वीबीए विश्वास ठेवतं. खिडकीचं हँडल आणि मेमरीतले पत्ते ६४ बिटमध्ये आठ बाइटचे असतात, लाँग चारच बाइटचा. त्या जागी 'लाँगपीटीआर' हवं. लांबी आणि संख्या लाँगच राहू द्यायच्या. सगळे लाँग सरसकट बदलले तरी बिघडतं. फाइल निवडण्याची जुनी खिडकी कॉमडीएलजी ३२ मधून उघडणारा कोड जवळजवळ प्रत्येक जुन्या प्रोग्राममध्ये सापडतो. त्यात रचनेचा आकार 'लेन'ने मोजलेला असतो. ६४ बिटमध्ये मधल्या रिकाम्या बाइट धरून मोजायला 'लेनबी' लागतं, नाहीतर खिडकी उघडतच नाही आणि एररही येत नाही. खरं तर तो शंभर ओळींचा तुकडा उपटून 'फाइलडायलॉग' वापरा. अटीच्या कंपाइलमध्ये 'वीबीए ७' म्हणजे २०१० किंवा नंतरचं ऑफिस, मग ते ३२ बिटचंही असेल. ६४ बिट ओळखायचं तर 'विन ६४'. या दोघांत गल्लत करू नका.

कनेक्शनच्या ओळीत 'जेट ओएलईडीबी ४.०' असेल तर ६४ बिटमध्ये 'प्रोव्हायडर सापडत नाही' येईल. जेट हे अ‍ॅक्सेसचं जुनं इंजिन, ते फक्त ३२ बिटमध्ये आहे. तिथे 'एसीई ओएलईडीबी १२.०' घाला.

डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचं दोन ओळींत. कोड थेट एलपीटी १ या जुन्या प्रिंटर पोर्टवर लिहितो, नव्या मशीनला ते पोर्टच नाही. यूएसबीवरचा प्रिंटर शेअर करा आणि 'नेट यूज' कमांडने एलपीटी १ ला स्वतःच्याच कॉम्प्युटरवरच्या त्या शेअरशी जोडा. कोडला हात लावावा लागत नाही.

इथवरच्या चुका निदान ओरडून सांगतात. तारखेची चूक गप्प बसते, आणि अपग्रेडनंतर पैशाचं नुकसान कुणी करत असेल तर तीच.

जुन्या मशीनवर विंडोजची तारीख कित्येकदा अमेरिकन पद्धतीचीच राहिलेली असायची, महिना आधी. नव्या मशीनवर विक्रेत्याने शहाणपणाने भारत निवडलेलं असतं: दिवस आधी. कोडमध्ये चौकशीची ओळ अशी जोडलेली असते: 'बिलतारीख बरोबर हॅश (#), मग टेक्स्टबॉक्समधली तारीख, मग हॅश'. तारखेचं अक्षरांत रूपांतर विंडोजच्या सेटिंगने होतं, पण दोन हॅशमधली तारीख अ‍ॅक्सेसचं इंजिन महिना आधी धरून वाचतं. जुन्या मशीनवर दोघांचं जमत होतं. आता ०५-१२-२०२३ म्हणजे ५ डिसेंबर पाठवला की इंजिन १२ मे वाचतं. आणि २५-१२-२०२३ पाठवला तर पंचविसावा महिना नसल्यामुळे ते मुकाट्याने २५ डिसेंबर धरतं. म्हणजे महिन्याच्या १३ पासून हिशोब चोख, १ ते १२ मध्ये गडबड. चाचणी २० तारखेला केली तर सगळं उत्तम दिसणार.

रिपोर्ट चुकला तर निदान दिसतो. त्याच पद्धतीने इन्सर्टची (नवी नोंद घालणारी) ओळ लिहिलेली असेल तर नोंदच चुकीच्या तारखेने साठते. ०३-०४-२०२४ चं बिल ४ मार्चला जाऊन बसतं, म्हणजे मागच्या आर्थिक वर्षात. अडत, हमाली, तोलाई सगळं त्याच्यासोबत जातं आणि जीएसटीच्या वेळी एप्रिलची बेरीज जुळत नाही.

दुरुस्ती एका छोट्या फंक्शनने होते, जे तारीख घेऊन नेहमी महिना, दिवस, चार आकडी वर्ष याच क्रमाने, दोन्ही बाजूंना हॅश लावून परत देतं. फॉरमॅट वापरताना तिरप्या रेषेआधी उलटी तिरपी रेषा द्यायला विसरू नका, कारण नुसती तिरपी रेषा फॉरमॅटला 'विंडोजचं जे चिन्ह असेल ते' अशी वाटते आणि ती तिथे डॅश घालते. मग संपूर्ण प्रोजेक्टमध्ये हॅशचं चिन्ह शोधा आणि प्रत्येक जागी हे फंक्शन बसवा. शोध फक्त मॉड्यूलमध्ये होतो. फॉर्मच्या फिल्टरमध्ये आणि टेक्स्टबॉक्सच्या डीलुकअपमध्ये (टेबलातून एखादी किंमत शोधणाऱ्या फंक्शनमध्ये) लिहिलेलं हाताने बघावं लागतं.

आधीच बिघडलेल्या नोंदी शोधायच्या तर बिल क्रमांकाने यादी लावा. क्रमांक सरळ चढत जातात; तारीख मधेच मार्चमध्ये किंवा ऑगस्टमध्ये उडी मारते तिथे बोट ठेवा. दिवस आणि महिना सारखा असलेली, ०५-०५ सारखी, तारीख वाचलेली असते. बाकीच्यांचा दिवस-महिना उलटा करून छापील बिलाशी ताडून बघा आणि मगच अपडेट करा. तोवर जुना कॉम्प्युटर भंगारवाल्याला देऊ नका. गेल्या पूर्ण महिन्याची रोजमेळ दोन्ही मशीनवर छापा आणि पहिल्या १२ दिवसांची बेरीज पैशापर्यंत जुळते का ते बघा.