गॅदरिंग आणि आजीच्या बांगड्या

डिसेंबर लागला की मला अजून शाळेचं गॅदरिंगच आठवतं. जळगावजवळचं आमचं गाव, चहूबाजूंनी केळीच्या बागा, सकाळी सकाळी स्वेटर घालून प्रॅक्टिसला पळायचं, बहिणाबाईंची गाणी दरवर्षी ठरलेलीच (त्यांचं माहेर आसोदा आमच्यापासून कितीसं लांब!) आणि शेवटच्या दिवशी कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत न् पुऱ्या.

पण नववीतलं गॅदरिंग वेगळंच. ड्रॉइंगच्या सरांनी मुंबईहून काचकाम करणारे एक दादा बोलावले होते, ते छोटी इलेक्ट्रिक भट्टीच घेऊन आले. काच कापायला त्यांनी शिकवलं, कटरने एकच रेघ, कर्र असा आवाज आला पाहिजे, परत गिरवायची नाही, मग दोन्ही हातांनी हलकेच वाकवली की रेघेवर सरळ तुटते. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी अक्षरशः ओरडलो होतो. खिडकीची काच कडेने हिरवट दिसते ती त्यातल्या लोखंडामुळे हे तेव्हाच कळलं, म्हणून आम्ही तिचेच थर लावून केळीचं पान करायचं ठरवलं.

रंगासाठी घरून बांगड्यांचे तुकडे आणायचे होते. मी आजीला म्हटलं, फुटक्या बांगड्या दे ना, तर ती एकदम म्हणाली, ‘फुटनी नको म्हनू रे, वाढनी म्हन!’ आणि पदराखालून पुडी काढून दिली.

दादांनी आधी एक तुकडा करून पाहिला. बांगडी आणि खिडकीची काच जवळपास ८०० अंशाला छान एकजीव झाली, पण थंड होताना तडकली, कारण दोन्ही काचा सारख्या आकसत नाहीत. मग भट्टीत फक्त खिडकीची काच, तीही रात्री, कारण दिवसा लोडशेडिंग. सकाळीसुद्धा झाकण उघडू देईनात, काच हळूहळूच निवली पाहिजे म्हणे, आम्ही सगळे शाळा सुटेपर्यंत भट्टीभोवती घुटमळत होतो. बांगड्या नंतर साध्या काचेवर गमने चिकटवल्या, पानाखालून वाहणारी तापी म्हणून.

गॅदरिंगला आजी आली. स्टेजकडे तिने बघितलंच नाही, काचेजवळ जाऊन हिरव्या तुकड्यांवरून बोट फिरवत राहिली, आणि एकावर थांबून मला म्हणाली, ‘हाई मन्ही शे.’